प्रेतं कुठे टाकली, ते सांगा

एप्रिल २०१८. रवांडाची राजधानी किगाली, तिच्या पूर्वेला काबुगा. गासाबो जिल्ह्यातल्या या भागात लोकांची राहती घरं पाडून त्यांखालची जमीन खणायला सुरुवात झाली. पहिल्या खड्ड्यात हाडं आणि कपडे मिळाले, आणि मग थांबता येईना. एका खड्ड्यातून दुसऱ्याचा माग लागत गेला. पुढच्या वर्षभरात १४३ खड्डे उघडले. ८४,४३७ माणसांचे अवशेष वर आले. ४ मे २०१९ रोजी किगालीतल्या न्यान्झा स्मारकात त्यांचं सामूहिक दफन झालं.

ही माणसं १९९४ च्या वंशसंहारात मारली गेली होती. म्हणजे चोवीस वर्षं ती तिथेच होती. वर घरं बांधली गेली, केळी लावली गेली, पोरं खेळली. मधल्या काळात याच देशात गावोगाव 'गचाचा' नावाच्या न्यायसभा भरल्या, साडेएकोणीस लाख खटले निकालात निघाले, २०१२ मध्ये सभांचं काम संपल्याचं जाहीर झालं. त्या सभांपुढे पहिल्या दिवसापासून जे प्रश्न होते, त्यांतला एक हाच होता: प्रेतं कुठे टाकली?

रवांडाच्या या न्यायसभांवर जगभर भरपूर लिहिलं गेलंय. कोणी त्यांना सलोख्याचा आदर्श म्हटलं, कोणी न्यायाची थट्टा म्हटलं. मला हे प्रकरण काबुगाच्या खड्ड्यांपासून मागे वाचत जावंसं वाटतं, कारण वाचलेल्या माणसाला त्या सभेतून काय हवं होतं आणि काय मिळालं, हे तिथून स्वच्छ दिसतं.

शंभर दिवस

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुव्हेनाल हाब्यारिमाना यांचं विमान किगालीवर पाडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टर सत्ताधाऱ्यांनी अल्पसंख्य तुत्सी समाजाची ठरवून कत्तल घडवली. कत्तलीला विरोध करणारे हुतूही मारले गेले. एकूण आकडा आठ लाखांच्या वर, सरकारी मोजणीनुसार दहा लाखांच्या वर.

बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का मारला होता. तोच शिक्का १९९४ मध्ये रस्त्यांवरच्या नाक्यांवर बघितला जात होता. १९९३ मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम नभोवाणी केंद्र तुत्सींना झुरळं म्हणत होतं. हे सगळं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. या प्रकरणासाठी महत्त्वाचं आहे ते हत्यार आणि ते चालवणारा हात.

आपल्याकडे ऊसतोड कामगाराच्या हातात कोयता असतो, तसाच रवांडातल्या शेतकऱ्याच्या घरी असतो. केळी कापायला, गवत काढायला, सरपण फोडायला रोज वापरात असलेला. बंदुका आणि हातबाँब होतेच, पण फार मोठ्या प्रमाणात माणसं मेली ती कोयत्याने आणि खिळे ठोकलेल्या सोट्याने. मारणारे टोळीने निघायचे. सकाळी गोळा व्हायचे, टेकड्या वाटून घ्यायचे, संध्याकाळी लुटीचे पत्रे, कौलं, दारं, गुरं वाटून घ्यायचे. इंतेराहाम्वे ही सत्ताधारी पक्षाची युवक टोळी पुढे असायची आणि मागे गावातले बाप्ये. मेलेले आणि मारणारे एकाच विहिरीवर पाणी भरलेले, एकाच चर्चमध्ये बसलेले.

म्हणजे एखाद्या खड्ड्यात शंभर माणसं टाकली गेली असतील, तर ते ठाऊक असणारी माणसं एक-दोन असूच शकत नाहीत. टोळीतले दहा-वीस, त्यांच्या बायका, वाटेवरची घरं, खड्डा ज्याच्या रानात तो मालक. रवांडा हा टेकड्यांचा देश आहे, एका उतारावरून समोरच्या उतारावरचं सगळं दिसतं. ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना मनात ठेवावी लागते.

सव्वा लाख कैदी

जुलै १९९४ मध्ये पॉल कागामे यांच्या नेतृत्वाखालच्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या मुख्यतः तुत्सींच्या बंडखोर सेनेने देश ताब्यात घेतला. बहुतेक न्यायाधीश आणि वकील मारले गेले होते किंवा पळाले होते. वीसेक लाख लोक झाईर (आजचं काँगो) आणि टांझानियात गेले. त्यांत घाबरलेले निरपराध होते, तसेच मारेकरीही होते. १९९६ च्या शेवटी त्यांतले बरेचसे परत आले. वाचलेल्या माणसाने ज्यांची नावं घेतली ते तुरुंगात गेले आणि २००० च्या सुमाराला कैद्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. तुरुंग त्याच्या काही अंशाएवढ्याच माणसांसाठी बांधलेले. गितारामाच्या तुरुंगात कैद्यांना झोपायला सोडाच, बसायलाही जागा नव्हती. उभं राहून पाय सडलेली माणसं तिथे होती.

संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमलं, ते टांझानियातल्या आरुषा शहरात बसलं. त्याचं मोठं काम म्हणजे ताबा या गावाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याच्यावरचा २ सप्टेंबर १९९८ चा निकाल. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला हा पहिला माणूस, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं, हे याच निकालाने प्रथम मान्य केलं. न्यायाधीशांत एक होत्या डर्बनच्या नवी पिल्ले, दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या तमिळ मजुरांच्या वंशातल्या. पण आरुषाने वीस वर्षांत ९३ जणांवर आरोप ठेवले आणि अब्जाहून जास्त डॉलर खर्च केले. बाकीचे सव्वा लाख रवांडातच होते. देशातल्या नेहमीच्या न्यायालयांचा वेग पाहता सगळे खटले संपायला शंभरहून अधिक वर्षं लागतील, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

तिसरा रस्ता शोधणं भाग होतं. तो गावकीत सापडला.

गवतावर बसून

'गचाचा' हा शब्द ज्या गवतावर बसून वडीलधारे भांडणं मिटवत, त्या गवतावरून आला आहे. आपल्याकडे पार असतो, तिथे मऊ हिरवळ. जुनी गचाचा शेताच्या बांधावरून, हरवलेल्या शेळीवरून, नवरा-बायकोच्या तंट्यावरून बसायची. निकाल लागला की दोन्ही पक्षांनी एकत्र बिअर प्यायची आणि उठायचं. खुनाचे खटले तिच्यापुढे यावेत अशी तिची रचनाच नव्हती. २००१ च्या कायद्याने तिच्यावर वंशसंहार सोपवला. नाव जुनं राहिलं, पण आता ते सरकारी न्यायालय झालं. त्याला लेखी नोंदी होत्या, शिक्षांचा तक्ता होता, समन्स काढायचा आणि तुरुंगात पाठवायचा अधिकार होता.

ऑक्टोबर २००१ मध्ये लोकांनी अडीच लाखांहून अधिक न्यायाधीश निवडले. त्यांना 'इन्यांगामुगायो' म्हणत, लबाडीचा तिटकारा असलेली माणसं. शेतकरी, शिक्षक, विधवा. वकिली कोणी शिकलेलं नव्हतं, पगार कोणाला नव्हता, थोडं प्रशिक्षण तेवढं मिळालं. सभेच्या दिवशी छातीवर आडवा पट्टा यायचा आणि तेवढ्यावर शेजारच्या माणसाला तीस वर्षं तुरुंगात पाठवायचा अधिकार मिळायचा. (पुढे या न्यायाधीशांपैकीच हजारोंची नावं आरोपी म्हणून पुढे आली आणि त्यांना पट्टा उतरवावा लागला.)

२००२ मध्ये थोड्या ठिकाणी चाचपणी झाली. जानेवारी २००५ मध्ये देशभर माहिती गोळा करायला सुरुवात झाली आणि २००६ पासून सगळीकडे खटले चालले. ९,०१३ सभा अगदी खालच्या पातळीवरच्या, १,५४५ त्यांच्या वरच्या, आणि तेवढ्याच अपिलाच्या.

सभा आठवड्यातून एकदा. त्या दिवशी दुकानं बंद, शेताला सुट्टी. किमान शंभर माणसं जमल्याशिवाय कामाला हात लागत नसे. लाकडी बाकावर न्यायाधीश, समोर गवतावर गाव, उन्हासाठी छत्र्या उघडलेल्या. तुरुंगातून आणलेला आरोपी गुलाबी गणवेशात. आधी मेलेल्यांसाठी एक मिनिट सगळे उभे. मग नियम वाचून दाखवायचे: हात वर करून बोलावं, शिवीगाळ करू नये, खरं सांगावं. चिटणीस शाळेच्या वहीसारख्या वहीत हाताने लिहीत जायचा. वकील कोणाच्याच बाजूने नाही. साक्ष देणारा तिथून उठून आरोपीच्या भावाच्या दारावरून घरी जायचा.

पहिले कित्येक महिने नुसत्या याद्या करण्यात गेले. ६ एप्रिल १९९४ ला या वस्तीत कोणत्या घरात कोण राहत होतं? त्यांतलं कोण मेलं? कुठे, कोणी मारलं? काय लुटलं गेलं? घर घेऊन, नाव घेऊन विचारायचं. मला या सबंध प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. खटले नंतरचे, शिक्षाही नंतरच्या. ज्या घरातलं एकही माणूस उरलं नव्हतं, त्या घरातल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने उच्चारली आणि कागदावर लिहिली.

कबुलीची किंमत

२००४ च्या सुधारित कायद्याचं चोपन्नावं कलम कबुलीविषयी आहे. कबुली ग्राह्य धरायची तर आरोपीने गुन्हा तपशीलवार सांगायचा: कसा, कुठे, कधी केला, कोणाला मारलं, नुकसान काय झालं, सोबत कोण होतं. आणि प्रेतं कुठे टाकली तेही. मग लोकांपुढे माफी मागायची. हे केलं तर शिक्षा घटायची. खून केलेल्याने नाव यादीत येण्याआधी कबुली दिली तर सात ते बारा वर्षं, त्यातलीही निम्मी तुरुंगाबाहेर समाजसेवेत, म्हणजे रस्त्यासाठी खडी फोडणं, डोंगरउतारावर मजगी काढणं, घरं बांधणं. कबूल न करता दोषी ठरला तर पंचवीस ते तीस वर्षं. लुटालूट करणाऱ्याला तुरुंग नव्हताच, त्याने भरपाई द्यायची.

कायदा करणाऱ्यांना माणूस कळला होता, हे मान्य करावं लागतं. सत्य फुकट बाहेर येणार नाही, म्हणून त्याला भाव ठरवून दिला. आणि सत्य बाहेर आलंही. हजारो जागा सांगितल्या गेल्या. विहिरी, शौचखड्डे, खाणी, चर्चची अंगणं. हजारो कुटुंबांना बारा-पंधरा वर्षांनी माणूस पुरता आला. हे काम आरुषाला कधीच जमलं नसतं. कुठल्या झाडाखाली कोण आहे, हे आरुषाच्या न्यायाधीशाला कोण सांगणार होतं?

पण भाव ठरला की बाजारही भरतो. किन्यारवांडा भाषेत 'चेचेका' म्हणजे गप्प बस. सभेत वाचलेली बाई बोलायला उभी राहिली की गर्दीतून हा शब्द यायचा, किंवा यायचाही नाही, नुसते सगळे गवताकडे बघत बसायचे. दुसरा एक शब्दप्रयोग रूढ झाला, 'कुगुरा उमुसोझी', डोंगर विकत घेणं. एकाने सगळा गुन्हा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या घराला पैसे पुरवायचे. आत असलेल्याला शिक्षा झालेलीच आहे, कबुलीची सूटही मिळते, बाहेरचे सुटतात.

खरी अडचण कलमातच होती. जागा सांगायची म्हणजे साथीदार सांगायचे. खड्डा दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला: तुझ्यासोबत कोण होतं? भाऊ होता, चुलता होता, आता पट्टा घालून बाकावर बसलेला माणूस होता. एकट्याने केलेला खून कबूल करणं सोपं, कारण त्याचा भार एकट्यावर. काबुगासारख्या ठिकाणी, जिथे नाक्यावर दिवसेंदिवस माणसं अडवून मारली गेली, तिथे एक खड्डा सांगणं म्हणजे अर्धं गाव सांगणं. जेवढा खून मोठा, तेवढी गप्प बसणारी माणसं जास्त. माझ्या समजुतीप्रमाणे काबुगाचे खड्डे चोवीस वर्षं बंद राहण्याचं मुख्य कारण हे आहे. माणसांना विसर पडला असं मानायला मी तयार नाही.

बोलणाऱ्यांवर काय गुजरलं

एका वस्तीत शंभर घरं असली तर वाचलेली माणसं दोन, तीन, कधी एकच. सभेत बहुमत कोणाचं, हे सांगायला नको. साक्ष देणाऱ्यांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. गुरं मारली गेली, पीक उपटलं गेलं. आणि सभेच्या मधोमध बायका कोसळायच्या. श्वास अडकतो, घामाने अंग भिजतं, १९९४ आत्ताच समोर घडतंय असं दिसू लागतं. या अवस्थेला रवांडात 'इहाहामुका' म्हणतात. दर एप्रिलमध्ये स्मृतिसभांतही हे होतं, आणि तिथे आता त्यासाठी माणसं नेमलेली असतात.

२००८ मध्ये बलात्काराचे बरेचसे खटलेही गचाचाकडे आले. सुनावणी बंद दाराआड ठेवली होती. पण दाराआड बसलेले न्यायाधीश गावातलेच होते, आणि त्या दिवशी कोण बाई कुठे गेली हे गावाला न सांगता कळतं. नेहमीच्या न्यायालयात गुपचूप साक्ष देऊ असं धरून चाललेल्या बायकांना हा मोठा धक्का होता. मला हा निर्णय चुकीचाच वाटतो. खटले लवकर संपवायचे होते, आणि त्या घाईची किंमत ज्यांनी आधीच सगळं भोगलं होतं त्यांच्याकडून घेतली गेली.

बचावाच्या बाजूनेही तक्रारी थोड्या नव्हत्या. वकील नाही, खोटे आरोप होतात, जमिनीच्या जुन्या भांडणाचे हिशेब सभेत चुकते केले जातात, हे मानवी हक्क संघटनांनी सांगितलं आणि ते खरं होतं. आणि एक मोठी पोकळी मुद्दाम ठेवली गेली. रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी १९९४ मध्ये आणि नंतर हुतू नागरिकांना मारलं, ते खून गचाचापुढे आलेच नाहीत. कायद्यातच ते बाहेर ठेवले होते. वंशसंहार आणि हे खून एका मापाने मोजणं चूक आहे, हे मला निःसंशय वाटतं. तरी ज्या हुतू बाईचा नवरा सैनिकांनी नेला, ती त्याच गवतावर दर आठवड्याला बसली आणि तिच्या माणसाचं नाव कोणत्याच यादीत आलं नाही. तिने मग दुसऱ्याच्या माणसाची जागा सांगावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

१८ जून २०१२ रोजी गचाचा समारंभाने बंद झाली. दहा लाख माणसांवर १९,५८,६३४ खटले चालले होते. त्यांतले तेरा लाखांहून अधिक मालमत्तेचे: गाई, पत्रे, कौलं, दारं. भरपाईचे हुकूम झाले, पण ज्याने १९९४ मध्ये शेजाऱ्याचे पत्रे काढले तो २००८ मध्येही गरीबच होता. कित्येक हुकूम कागदावर राहिले. काही ठिकाणी वाचलेल्या बाईनेच सांगितलं, राहू दे. त्याला क्षमा म्हणायचं की थकवा, हे ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही असू शकतं.

नंतरचं गाव

सरकारी सलोखा मापकात दहापैकी नऊहून अधिक लोक सलोखा झाल्याचं सांगतात. ज्या देशात फूट पाडणाऱ्या बोलण्याविरुद्ध कडक कायदे आहेत, तिथे दारात आलेल्या पाहणीवाल्याला माणूस दुसरं काय सांगेल, हा प्रश्न राहतो. पण सलोखा खोटाच आहे, असं म्हणणंही अन्यायाचं होईल. बुगेसेरा भागातल्या म्ब्यो गावात शिक्षा भोगून आलेले आणि वाचलेले शेजारी शेजारी राहतात, घरं त्यांनी मिळून बांधली आहेत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळा देश 'उमुगांडा'साठी, श्रमदानासाठी, बाहेर पडतो. बाई फावडं मारते आणि घमेलं उचलतो तो तिच्या भावाला मारलेल्या टोळीतला. ओळखपत्रावरचा शिक्का गेला. १९९४ नंतर जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप आहेत.

एकत्र राहणं जमलं, कारण त्याला पर्याय नव्हता. पाणी एकच, बाजार एकच, शाळा एकच. सत्य सांगण्याची मात्र अशी सक्ती रोजच्या जगण्यात नव्हती. आणि २०१२ नंतर ते सांगण्याचा भावही गेला. आता जागा दाखवली तर शिक्षेत सूट मिळायची नव्हती. उलट इतकी वर्षं गप्प का बसलास, हा प्रश्न अंगावर येणार होता.

म्हणून पुढे जे सापडलं ते कबुलीतून फारसं नाही, घरं बांधताना, पाया खणताना, कोणाच्या कुजबुजीवरून. दक्षिणेतल्या हुये जिल्ह्यात एक घर खड्ड्यावर बांधलं जातंय अशी खबर मिळाली, खणलं गेलं, आणि जानेवारी २०२४ पर्यंत ११९ जणांचे अवशेष वर आले होते. खोदकाम तसंच चालू राहिलं.

काबुगात खड्ड्यांतून निघालेले कपडे वेगळे काढून ठेवले गेले. देशभरातून माणसं आली. हाडावरून कोणी ओळखू येत नाही, कपड्यावरून येतं. सदऱ्याचं कापड, आईने घातलेलं ठिगळ, बहिणीच्या झग्याची किनार. काहींना सापडलं. बहुतेकांना नाही. ती माणसं पुढच्या खड्ड्यापाशी गेली, आणि तिथून पुढच्या.

गचाचाच्या वह्या आज किगालीत जपून ठेवल्या आहेत, काही कोटी पानं. ती संगणकावर चढवण्याचं काम झालं आहे. दर वर्षी ७ एप्रिलला शोकसप्ताह सुरू होतो, तेव्हा तिकडे पावसाळा असतो, माती मऊ असते. त्या आठवड्यात 'इबुका' ही वाचलेल्यांची संघटना आणि सरकारी अधिकारी टेकड्या-टेकड्यांवर एक विनंती करतात, आणि ती चोपन्नाव्या कलमातल्या शब्दांपेक्षा फार वेगळी नसते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जागा सांगावी.